पार्ट मागवलाय

लिफ्ट बंद पडली की इतर मेकॅनिक आधी पेटी उघडतात. हा आधी कान लावायचा. बंद दाराला कान टेकवून समोरच्याला म्हणायचा, "दाबा बघू बटण," आणि आतून आलेल्या 'टक्'वरून सांगायचा, की वरच्या खोलीतला तिसरा रिले चिकटलाय. बावीस वर्षांत त्याचा अंदाज फार तर चार वेळा चुकला असेल, आणि त्या चारही वेळा चूक लिफ्टची होती असं त्याचं प्रामाणिक मत होतं. कंपनीत त्याला सगळे कानसेन म्हणत. त्यालाही ते आवडायचं. कौतुक कुणाला नको असतं?

कानसेन प्यायचा. पण तो दारुडा नव्हता. हे त्याने स्वतःच नीट तपासून पाहिलं होतं. दारुडा रस्त्यात पडतो, हा कधी पडला नव्हता. दारुडा बायकोवर हात उगारतो, हा घरी गेल्यावर मुकाट्याने भांडी घासायचा. दारुडा सकाळी डोळे उघडल्या उघडल्या बाटली शोधतो, हा घड्याळात अकरा वाजेपर्यंत थांबायचा. अकराला पहिली, जेवणाआधी दुसरी, चारला तिसरी. सुटल्यावर जी होईल ती मोजायची नाही, कारण ती ड्यूटीबाहेरची. प्रत्येकीनंतर पेपरमिंटची एक गोळी. इतक्या शिस्तीने लोक औषधही घेत नाहीत.

सासूबाई तीन वर्षांपासून त्यांच्याकडेच राहायला होत्या. त्यांनी तर जावयाला केव्हाच पास करून टाकलं होतं. "आमच्या जावयांचं एक बरं आहे हो," त्या शेजारणीला सांगायच्या, "कितीही घेतली तरी आवाज म्हणून चढत नाही. नाहीतर हिचे बाबा! अख्खी गल्ली दारात यायची ऐकायला."

बायकोचं मात्र असं नव्हतं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. दिवसाला साठ माणसांच्या दंडाला पट्टा बांधायची. कुणी कितीही गोड बोललं तरी तिचा विश्वास फक्त छापील कागदावर. एका रविवारी तिने चहाच्या आधी नवऱ्याच्याच दंडाला पट्टा बांधला, आणि तीन दिवसांनी जेवणाच्या टेबलावर त्याच्या ताटाशेजारी एक कागद ठेवला.

"हे काय?"

"तुमचं लिव्हर."

कानसेनने कागद सरळ धरला, मग चष्मा लावून धरला.

"जीजीटी लिहिलंय ना, ते वाचा. पुरुषांचं साठच्या आत असायला हवं. तुमचं किती आहे?"

"तीनशे बारा." त्याने जरा विचार केला. "मशीन सेट करून किती दिवस झाले?"

"त्याच मशीनवर आधी माझं रक्त लावलं. माझं एकवीस आलं."

"तीनशे म्हणजे चांगलंच की गं," सासूबाई म्हणाल्या. "माझं हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणून तू सारखी ओरडत असतेस."

"आई, तू भाजी घे." बायको नवऱ्याकडे वळली. तिचाही आवाज चढला नव्हता, आणि त्याला नेमकी त्याचीच भीती वाटली. "दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा असतात. एक शोधा आणि जायला लागा. दर महिन्याला मी रक्त घेणार. आकडा उतरताना दिसला नाही तर तुमच्या साहेबांना मीच फोन करून सांगेन, की या माणसाला लिफ्टवर चढवू नका. तुमच्यामुळे भलत्याच कुणाला काही व्हायच्या आत."

शेवटचं वाक्य तिने सहज टाकलं होतं. पण कानसेनने तोंडातला घास न चावताच गिळला, कारण भलत्याच कुणाला काहीतरी होता होता राहिलं होतं, आणि ते फक्त त्यालाच ठाऊक होतं.

त्याचं असं झालं होतं. लिफ्टच्या प्रत्येक दाराला एक कुलूप असतं. दार नीट लागून त्या कुलपातून वीज पुढे गेल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. दुरुस्ती करताना मेकॅनिक त्या कुलपाला तात्पुरती बगल देतो. हातभर लांब लाल वायर असते, दोन्ही टोकांना चिमटे. ती लावली की दार उघडं असलं तरी लिफ्ट चालते. तपासणी झाली की वायर काढायची. या कामात इतर काहीही विसरलं तर चालतं, पण ही वायर विसरायची नसते. कानसेनकडे अशा तीन वायरी होत्या. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी त्याने पिशवी उघडली तर आत दोनच. आदल्या दिवशी चारच्या तिसरीनंतर एका सात मजली इमारतीत तो काम करून आला होता. तो तसाच रिक्षा करून सुटला. जिन्यानेच वर गेला. वायर तिथेच होती, आपली आपल्या जागी, दोन्ही चिमटे घट्ट. सबंध संध्याकाळ, रात्र आणि सकाळ ती लिफ्ट दार उघडं टाकून हलायला मोकळी होती. कुणी पडलं नव्हतं. त्याने वायर काढली, पिशवीत टाकली, घाम पुसला, आणि कुणालाही काही सांगितलं नाही. त्या दिवशी मात्र त्याने अकरा वाजायची वाट पाहिली नाही.

म्हणून बायकोसमोर त्याने मान डोलावली. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. पण लिफ्टच्या कामावरून काढलेला कानसेन म्हणजे नुसता दोन कानांचा माणूस.

मीटिंगचा फोन नंबर त्याला बायकोच्याच लॅबच्या भिंतीवर मिळाला. फोन त्याने एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीतून केला, दाराला आतून कडी लावून.

"हॅलो, जरा माहिती हवी होती. माझा एक मित्र आहे."

"बरं," पलीकडचा आवाज शांत होता.

"तो जरा जास्त घेतो."

"किती?"

"ड्यूटीत तीन. सुटल्यावरची मी मोजत नाही. म्हणजे तो मोजत नाही."

"करतो काय तुमचा मित्र?"

"लिफ्टची दुरुस्ती."

"लिफ्टची," तो आवाज सावकाश म्हणाला. "गुरुवारी संध्याकाळी सहाला पाठवा त्याला. एकट्याला यायची लाज वाटत असेल तर तुम्हीही या सोबत."

पत्ता लिहून घेताना कानसेनचं पेन मधेच थांबलं. शहरात एवढ्या इमारती पडल्या होत्या, आणि मीटिंग नेमकी त्याच्या इमारतीत! म्हणजे जिच्या लिफ्टची देखभाल गेली अकरा वर्षं त्याच्याकडे होती तिथे. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग, दुसऱ्यावर विम्याचं ऑफिस, तिसरा रिकामा, आणि चौथ्यावर एका संस्थेची खोली. फाटकावरचा वॉचमन त्याला पाहून खुर्चीवरून उठायचा आणि 'इंजिनिअर साहेब' म्हणायचा. तिथे संध्याकाळी सहाला रिकाम्या हातांनी गेलो तर तो विचारणार, "काय साहेब, वर कुठे?" याला काय सांगायचं?

दुसरी मीटिंग शोधली नाही असं नाही. एक घरामागच्या रस्त्यावरच सापडली. तिथे दारापर्यंत जाऊन तो परत फिरला, कारण दारातच सासूबाईंची शेजारीण भाजी घेत उभी होती. दुसरी बसने तासाभरावर होती. तिथे पोहोचल्यावर कळलं की ती आता सकाळी भरते. परतीच्या बसला वेळ होता, समोर एक दुकान होतं, आणि तो ड्यूटीवर नव्हता.

शेवटी त्याच्यातला मेकॅनिकच कामाला आला. काम असलं की माणूस कुठेही जाऊ शकतो. लग्नाच्या मांडवात, बँकेच्या तिजोरीजवळ, बायकांच्या हॉस्टेलमध्ये, खांद्याला हत्यारांची पिशवी असली की कुणी अडवत नाही. प्रश्न फक्त कामाचा होता.

पहिल्या गुरुवारी पावणेसहाला तो त्या इमारतीत गेला, गच्चीवरच्या खोलीत जाऊन लिफ्टचा मुख्य स्विच खाली ओढला आणि तळमजल्यावर पाटी लावली: 'दुरुस्ती चालू आहे.' मग चौथ्या मजल्यावर, त्या खोलीच्या बरोबर समोर, सतरंजीचा तुकडा अंथरून बसला आणि लिफ्टच्या बटणांची पेटी उघडून पुसायला लागला. खोलीचं दार उकाड्यामुळे उघडंच होतं. कान तर त्याचे तयारच होते.

एकेक जण जिना चढून धापा टाकत आला. त्याच्या पिशवीवरून पाय उचलून आत गेला. सगळ्यात शेवटी एक बाई आल्या. सत्तरीच्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, प्रत्येक पायरीला कठडा धरत.

"अहो लिफ्टवाले," त्यांनी वर पोहोचल्यावर श्वास घेत विचारलं, "पुढच्या गुरुवारपर्यंत होईल ना?"

"होईल की," कानसेन म्हणाला. आणि लगेच त्याच्या लक्षात आलं, की झाली तर पुढच्या गुरुवारी यायचं कसं? "पार्ट मागवलाय," तो म्हणाला.

हे दोन शब्द म्हणजे आमच्या तांत्रिक जगातला मोठाच शोध आहे. पार्ट मागवलाय म्हटलं की कुठला, कधी, कुठून, असं कुणी विचारत नाही. उलट ऐकणाऱ्याला जरा बरंच वाटतं, की आपल्या इमारतीत इतकं भारी काहीतरी आहे जे मागवावं लागतं. वॉचमनने पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सांगितलं की पार्ट मागवलाय. दुसऱ्या आठवड्यात विम्याचं ऑफिस म्हणू लागलं की तो परदेशातून येतोय. तिसऱ्या आठवड्यात शिकवणीच्या सरांनी तो बंदरात अडकल्याची बातमी आणली. कानसेनला स्वतःला यातलं काही करावं लागलं नाही.

खोलीत वर्तुळात खुर्च्या मांडलेल्या असत. आपलं नाव कुणी सांगत नसे, तसा नियमच होता. एकेक जण बोलायचा आणि बाकीचे ऐकायचे. कानसेन बाहेर बसून ऐकायचा. तिथे एक लांब मिशांचा माणूस यायचा, त्याला कानसेनने मनातल्या मनात विक्रमवीर नाव ठेवलं. हा विक्रमवीर पहिल्या गुरुवारी पिऊन गटारात पडला होता. तिसऱ्या गुरुवारी नाल्यात पडला. पाचव्या गुरुवारी नदीत, आणि तेव्हा पूर होता. टाळ्या त्यालाच जास्त मिळायच्या.

गुडघ्याच्या बाई पोस्टात खिडकीवर नोकरी करून निवृत्त झालेल्या होत्या. चौदा वर्षं त्यांनी थर्मासमधून चहा प्यायला होता, आणि त्यात चहा नव्हता. "मी कधी एका पैशाची चूक केली नाही," त्या म्हणाल्या. "चूक फक्त माणसांची व्हायची. समोर उभं असलेलं माणूस मला दिसायचंच नाही." सोळा वर्षं झाली, त्यांनी थेंब घेतला नव्हता.

पण कानसेनच्या हातातला फडका थांबला तो दातांच्या डॉक्टरांच्या बोलण्याने. मीटिंग तेच चालवायचे, आणि त्यांचा आवाज ऐकताच त्याने ओळखला होता: फोनवरचा. "दुपारची वेळ होती," डॉक्टर म्हणाले. "मी दोन घेऊन बसलो होतो. दाढ काढली. सुंदर निघाली, मुळासकट. दुखत होती ती शेजारची."

कुणी हसलं नाही. कानसेनने बटणांची पेटी पुन्हा पुसायला घेतली. ती इतकी स्वच्छ झाली होती की तिच्यात त्याला स्वतःचं नाक दिसत होतं.

महिना भरला तेव्हा बायकोने पुन्हा पट्टा बांधला. आकडा आला तीनशे चार.

"जाता ना मीटिंगला?"

"दर गुरुवारी. एक चुकवली नाही." आणि हे अगदी खरं होतं.

"मग तिथे जाऊन करता काय? लिफ्ट दुरुस्त करता?"

कानसेनला जोराचा ठसका लागला. सासूबाईंनी पाणी दिलं. "आठाने उतरलं ना," त्या लेकीला म्हणाल्या. "सावकाश उतरतं गं. जावयाचं मन दुखवू नये."

"आई, पुढच्या महिन्यात मी फोन करणार आहे. दोघांनाही सांगून ठेवते."

सातव्या गुरुवारनंतर कंपनीतही कुणकुण लागली. साहेबांनी त्याला खिडकीजवळच्या टेबलाशी बोलावलं. साहेबांच्या संगणकावर बंद लिफ्टांची यादी असायची, आणि जी तक्रार जास्त दिवस उघडी राहील ती आपोआप लाल व्हायची. ही आता इतकी लाल झाली होती की साहेबांच्या डोळ्यांत पाणी येत होतं.

"कानसेन, कुठला पार्ट मागवलाय? स्टोअरला काहीच माहीत नाही."

"कार्ड आहे, साहेब. वरच्या खोलीतलं."

"सात आठवडे? तू? अरे, तू कान लावून सांगतोस ना? या शुक्रवारी मी दुसऱ्याला पाठवतो."

दुसरा मेकॅनिक वर गेला असता तर त्याला दिसलं असतं, की सगळं ठणठणीत आहे आणि स्विच तेवढा खाली ओढलाय. म्हणजे कानसेनजवळ एकच गुरुवार उरला.

त्या आठव्या गुरुवारी सहा वाजून दहा मिनिटं झाली तरी पोस्टातल्या बाई वर आल्या नाहीत. कानसेनने जिन्याकडे कान दिला. पावलांचा आवाज नव्हता. तो फडका टाकून उठला आणि खाली उतरत गेला. बाई दुसऱ्या मजल्यावर, वर जाणाऱ्या जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसल्या होत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर आणि चप्पल बाजूला काढलेली.

"आज नाही जमत हो," त्या म्हणाल्या. "वर डॉक्टरांना सांगा, आजपासून माझं नाव कमी करा. म्हणजे नाव नसतंच तिथे. खुर्ची कमी करा म्हणावं."

"दुसरीकडे कुठे असेल ना मीटिंग?"

"तुमच्यासारख्याला असेल. मला बस बदलून जायला जमणार आहे का?"

"मग घरी काय करणार?"

"घरी गुरुवारी सहाला लोक काय करतात ते मी सोळा वर्षांत विसरले." बाई चप्पल पायात सरकवायला लागल्या. "आठवेल. ते आठवायला काही वेळ लागत नाही." मग त्याचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनाच त्याची दया आली. "तुमच्यावर राग नाही हो माझा. पार्टच येत नाही तर तुम्ही तरी काय करणार? आणि नवीन असाल कामात. शिकाल हळूहळू."

बावीस वर्षांत कानसेनला इतकं कुणी लागट बोललं नव्हतं, आणि बाई तर मनापासून धीर देत होत्या.

"इथेच बसा," तो म्हणाला. "उठू नका."

तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला. चौथ्या मजल्यावर विक्रमवीराचा आवाज येत होता, त्याच्याकडे लक्ष न देता गच्चीवर गेला आणि स्विच वर केला. सात आठवडे परदेशातून येत असलेला पार्ट अर्ध्या सेकंदात पोहोचला. लिफ्ट गुरगुरली. त्याने सवयीने कान दिला. एकही रिले चिकटलेला नव्हता.

त्याच लिफ्टने तो खाली आला, आणि दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा बाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगंबाई! झाली की! मी उगाच तुम्हाला नवीन म्हटलं." त्या आत आल्या, आरशात पाहून केस सारखे केले. दार लागलं. "काय झालं होतं हो हिला?"

'कार्ड बदललं,' एवढंच म्हणायचं होतं. ते त्याच्या जिभेवर तयारही होतं. बाईंनी तेही मानलं असतं, वॉचमननेही, साहेबांनीही. आणि पुढच्या गुरुवारी तो कुठल्यातरी दुसऱ्या मजल्यावर दुसरी कसलीतरी पेटी पुसत बसला असता.

"काही नव्हतं झालं," तो म्हणाला. "मीच बंद ठेवली होती."

"का?"

"मला तुमची मीटिंग ऐकायची होती. आत यायची लाज वाटत होती. काम नसताना इथे यायचं तरी कसं?"

लिफ्ट चौथ्यावर थांबली. दार उघडलं. बाईंनी हात पुढे करून ते धरून ठेवलं, आणि त्यांचे ओठ हलताना त्याला दिसले. त्या आकडेमोड करत होत्या.

"सात गुरुवार," त्या म्हणाल्या. "चार मजले वर, चार खाली. छप्पन्न मजले झाले रे मेल्या! छप्पन्न! या गुडघ्यांनी!" आतले सगळे दाराकडे पाहायला लागले. "आणि मी तुला धीर देत होते! चल. चल आत. ती पिशवी राहू दे बाहेर. पिशवी घेऊन नाही यायचं."

कानसेन पिशवीशिवाय आत गेला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. डॉक्टर खुर्चीतून उठले आणि एक खुर्ची पुढे सरकवत म्हणाले, "आला का मित्र?"

कानसेन बसला. बोलायची सवय नव्हती, म्हणून त्याने रोज भरायच्या फॉर्मसारखी सुरुवात केली. "लिफ्टमध्ये दोष नव्हता. दोष मेकॅनिकमध्ये होता. ड्यूटीत तीन घेतो. सुटल्यावर पाच. सहा. कधी कधी माहीत नाही." मग फॉर्म संपला आणि तो लाल वायरीचं बोलला. सात मजली इमारत, पिशवीतल्या दोनच वायरी, रिक्षा, आणि दार उघडं असताना चालू शकणारी लिफ्ट. "त्या इमारतीत लहान पोरं आहेत. चौथ्यावर एक आजोबा आहेत, त्यांना नीट दिसत नाही. ते हाताने चाचपडून आत पाऊल टाकतात. मला माहीत आहे ते. मीच त्यांना दार धरलंय कितीदा तरी."

"हे तर काहीच नाही," विक्रमवीर म्हणाला. "मी एकदा—"

"बसा हो," डॉक्टर म्हणाले.

पोस्टातल्या बाई अजून रागातच होत्या. "हे इथे सांगितलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पण आम्ही त्या इमारतीत राहत नाही. आम्हाला सांगून त्या आजोबांना काय? ज्यांची लिफ्ट आहे त्यांना सांग. ज्यांची नोकरी करतोस त्यांना सांग."

"काढून टाकतील."

"टाकतील," डॉक्टर म्हणाले. "मला त्या दाढवाल्याला सांगायला अकरा महिने लागले. त्याने मला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. सगळ्या बरोबर होत्या."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, म्हणजे पहिलीच्या वेळेला, कानसेन साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. साहेब ऐकत होते आणि संगणकावर काहीतरी शोधत होते.

"वायरीच्या भानगडीचा तक्रार नंबर काय?"

"नंबर नाही, साहेब. कुणी तक्रारच केली नाही."

"अपघात?"

"नाही."

"मग झालं काय?"

"झालं नाही, म्हणूनच सांगतोय."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. माणूस चांगला होता, पण समोर रकाना नसला की त्याला बोलता येत नसे. "बरं, ते राहू दे. आधी ही लाल तक्रार बंद करू. लिफ्ट चालू झाली ना? कारण काय टाकू?"

"मेकॅनिक."

"यादीत मेकॅनिक नाही. पाणी आहे, व्होल्टेज आहे, उंदीर आहे, ग्राहकाचा गैरवापर आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "बावीस वर्षं झाली तुला. उंदीर टाकतो. विषय संपव."

कानसेनला ते ऐकून हसू आलं. महिनाभरापूर्वी याच उंदराच्या पाया पडून तो घरी गेला असता. "उंदीर नका टाकू, साहेब," तो म्हणाला आणि खिशातला कागद टेबलावर ठेवला. त्याने दोन्ही गोष्टी पेनाने लिहून आणल्या होत्या, खाली तारीख आणि सही. संगणकातलं काहीही नाकारता येतं. सही असलेल्या कागदाला साहेब घाबरायचे.

त्या कागदाचा प्रवास तीन टेबलांवरून झाला. सात मजली इमारतीत कानसेनला स्वतः जावं लागलं. तिथल्या लोकांनी त्याला अर्धा तास उभं करून झापलं, आणि आजोबांनी आवाजाच्या दिशेला तोंड करून एकच विचारलं, "नेमकं कुठल्या दिवशी?" त्याने दिवस सांगितला. "त्या संध्याकाळी मी खाली गेलो होतो," आजोबा म्हणाले, आणि चाचपडत आत निघून गेले. डॉक्टर म्हणाले होते तशा शिव्या तिथे कुणी घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कानसेनला परत येताना सारखं वाटत राहिलं.

नोकरी गेली नाही. तीन महिने लिफ्टला हात लावायचा नाही, ऑफिसात बसून तक्रारींचे फोन घ्यायचे, आणि त्यानंतर वैद्यकीय तपासणी होऊन काय ते ठरेल, असं पत्र मिळालं. ते त्याने घरी जाऊन बायकोसमोर ठेवलं, तिने रिपोर्ट ठेवला होता तसंच, ताटाशेजारी.

"तुला आता फोन करायची गरज नाही," तो म्हणाला. "मीच सांगितलं."

बायकोने पत्र वाचलं. मग त्याने वायरीचं सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"मी फोन करणार नव्हते," ती म्हणाली. "साहेबांचा नंबरच नाही माझ्याकडे."

"बघ, मी म्हणत नव्हते?" सासूबाई म्हणाल्या. "आवाज न चढवता सगळं झालं."

"आई," बायको म्हणाली, "यांचा आवाज चढला असता तर मला केव्हाच कळलं असतं."

सासूबाईंनी जावयाचं ताट स्वतः वाढलं.

ऑफिसातलं काम कानसेनला सुरुवातीला जड गेलं. दिवसभर फोन वाजायचा. लोक म्हणायचे लिफ्ट आवाज करते, आणि तो म्हणायचा, "फोन जरा दाराजवळ धरा." अकरा वाजले की तल्लफ यायची. तेव्हा तो उठून ऑफिसाला एक फेरी मारायचा, पाणी प्यायचा, आणि परत येऊन बसायचा. चार वाजताची वेळ त्याहून वाईट होती. पोस्टातल्या बाईंनी आपला नंबर दिला होता. तो चारला त्यांना फोन करायचा, आणि त्या अर्धा तास गुडघ्यांबद्दल बोलायच्या. तेवढ्यात साडेचार होत.

गुरुवारी साडेपाचला तो उठला. साहेब टेबलावरून म्हणाले, "थांब जरा सातपर्यंत. आज फोन जास्त आहेत."

"मला मीटिंग आहे, साहेब."

"कुणाबरोबर? ग्राहक आहे का?"

आजूबाजूच्या चार टेबलांवर माणसं होती. बावीस वर्षांची ओळख असलेली, डबे एकत्र खाल्लेली माणसं.

"दारुड्यांबरोबर," कानसेन म्हणाला. "मी पण आहे त्यात."

टाइप करण्याचे आवाज थांबले. कुणीतरी उगाच कपाट उघडून बंद केलं. साहेबांनी घाईघाईने ड्रॉवरमधून लवकर जायच्या परवानगीचा कोरा फॉर्म काढला आणि त्याच्यासमोर सरकवला. "भर. कारणात तसलं काही लिहू नकोस. घरगुती काम लिही."

कानसेनने उभ्याउभ्याच फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'दारू सोडतोय. दर गुरुवारी, सहा वाजता.' साहेबांनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. पहिल्या वाक्यावर त्यांचा आक्षेप नसावा, कारण त्यांचं बोट दुसऱ्यावर होतं.

"दर गुरुवारी? अरे, हे किती दिवस चालणार?"

"ते सांगता येत नाही, साहेब," कानसेन म्हणाला, आणि बस चुकू नये म्हणून भराभर जिना उतरायला लागला.